साय की ताक? हॉलच्या दोन फिक्या रंगांत अडकलोय, कुणीतरी सोडवा

मानपाडा_मुक्काम
नमस्कार मंडळी. प्रश्न हसण्यासारखा आहे पण आमच्या घरी गेले नऊ दिवस याच्यावरून धुसफूस चालू आहे म्हणून शेवटी इथे टाकतेय. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ टू बीएचके, नववा मजला, हॉलची मोठी खिडकी येऊरच्या डोंगराकडे. आठ वर्षं बिल्डरने दिलेला फिकट पीचच चालवला, आता दसऱ्यानंतर काम काढायचंय (पितृपक्षात भिंतीला हात लावायचा नाही ही सासूबाईंची अट, आणि खरं सांगायचं तर पेंटरलाही तोवर वेळ नाहीये).

जांभळी नाक्याजवळच्या दुकानातून शेड कार्ड आणलं, घरातल्या सगळ्यांनी मिळून दोनशे चौकोनांतून दोन उरवले आणि ते दोन कार्डावर अगदी शेजारी-शेजारी आहेत. नावं इंग्रजी आणि लांबलचक, कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून एकाला साय म्हणतो आणि दुसऱ्याला ताक. साय म्हणजे म्हशीच्या दुधावरची, पांढरी पण जरा पिवळसर अंग असलेली. ताक त्याहून पांढरं, पण त्यात कुठेतरी करडी-हिरवट झाक आहे. मला ताक आवडलंय, नवऱ्याला साय. "हिरवट" शब्द मीच वापरला आणि तेव्हापासून तो तेवढाच धरून बसलाय.

पेंटरने घड्याळाखाली दोन्हीचे तळहाताएवढे पॅच मारून दिले. सकाळी बघितलं तर ताक हिरवं, दुपारी दोन्ही सेम, रात्री ट्यूब लावली की साय एकदम पिवळट आणि ताक निळसर!! एकाच भिंतीवर दिवसात चार वेळा मत बदलतंय. शेजारणी येऊन वोटिंग करून गेल्या, ४-३. पेंटर शुक्रवारी फायनल विचारणार आहे. फरशी बिल्डरचीच आयव्हरी व्हिट्रिफाइड, दरवाजे पांढरे ऑइल पेंटचे, सोफा तपकिरी. काय करू?

ऐरोली_नाका
दोन्ही सारखेच आहेत. जो स्वस्त तो मारा.
आमच्याकडे बायको मोती म्हणत होती आणि मी शिंपला, दोन रविवार त्यात गेले, शेवटी दुकानदाराने कोड बघितला तर दोन्ही एकच शेड, कार्डं तेवढी वेगवेगळ्या वर्षांची.

सीवूड्स_वरून
ताई, इंटिरियरचं काम करते म्हणून हक्काने सांगते, आधी तो घड्याळाखालचा पॅच डोक्यातून काढून टाका. भोवती पीच आहे ना, पीचमध्ये गुलाबी-केशरी असतो, त्याच्या मधोमध कुठलाही करडा पांढरा लावलात तरी तो हिरवट-निळसरच दिसणार. तुम्ही ताक बघतच नाही आहात, तुम्ही पीचने बिघडवलेलं ताक बघताय.

फिक्या रंगांत उजेडाचा फरक फार थोडा असतो. शेड कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या साइटवर एलआरव्ही म्हणून आकडा असतो, म्हणजे भिंत किती प्रकाश परत फेकते, ० म्हणजे काळाकुट्ट आणि १०० म्हणजे आलेला सगळा परत. तुमच्या दोघांत दोन-चार अंकांचा फरक असेल तर तो भिंतीवर कुणालाही कळणार नाही, त्यामुळे "कुठला जास्त पांढरा" हा वादच सोडा. दिसतो तो अंडरटोन, पांढऱ्याच्या पोटात दडलेला रंग. तो बाहेर काढायची सोपी युक्ती: झेरॉक्सचा पांढराशुभ्र कागद शेजारी धरा. एकटी साय बघितली तर पांढरी वाटते, कागदाशेजारी लगेच चुगली होते.

आणि उजेड. माझा स्वतःचा फ्लॅट पामबीचच्या बाजूला, खाडीकडे तोंड, म्हणजे पश्चिम. सहा वर्षांपूर्वी मी, जी लोकांना सल्ले देते ती, दुपारी बारा वाजता कार्ड बघून एक गुलाबीसर ऑफ व्हाइट फायनल केला. संध्याकाळी पाच-साडेपाचला ऊन खाडीच्या पाण्यावरून उलटं आत येतं आणि माझा हॉल गाजराच्या हलव्यासारखा होतो. पाहुणे म्हणतात वा काय वॉर्म आहे, मी गप्प बसते. तुमचा येऊर म्हणजे तुम्हालाही पश्चिमच ना बऱ्यापैकी? मग संध्याकाळचं ऊन फुकटात पिवळा देणारच आहे, वरून साय कशाला, असं मी म्हणेन. पण रात्रीचे दिवे कुठले ते आधी सांगा. बॉक्सवर केल्विनचा आकडा असतो, उजेड निळसर की पिवळसर ते सांगणारा (आकडा जितका कमी तितका पिवळसर), ६५०० का ४००० का ३०००?

मानपाडा_मुक्काम
बॉक्स कधीच रद्दीत गेला, पण स्टुलावर चढून ट्यूबवरच बघितलं, ६५०० लिहिलंय. दोन ट्यूब आहेत. आणि हो, पावसाळ्यात डोंगर गच्च हिरवा असतो तेव्हा खिडकीजवळची भिंत मलातरी हिरवट वाटते, मे महिन्यात नाही वाटत. हे माझे भास आहेत का?

सीवूड्स_वरून
भास नाहीत, झाडांवरून येणारा उजेड थोडा हिरवा असतोच, खिडकीजवळच जास्त जाणवतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्याकडे घरोघरी तोच असतो कारण "लख्ख" वाटतो. ताकातली करडी झाक त्याच्याखाली वर येते. पिवळसर रंग बिचारा मळका दिसतो. म्हणजे तुमच्या दोन्ही उमेदवारांवर रात्री अन्यायच चालू आहे.

रंगकाम_कोपरखैरणे
ताई मी बावीस वर्ष ह्याच धंद्यात आहे, वाशी नेरूळ ठाणे सगळीकडे कामं केली, गिऱ्हाईक सगळ्यात जास्त भांडतं ते अशा फिक्या शेडवरूनच, लाल निळ्यावरून कोणी भांडत नाही कारण लाल तो लाल. आता माझं ऐका. पॅच मारला तो किती हात मारला, एकच ना? खाली पीच आहे तर एका हातात पीच वर येणारच, दोन हात पाहिजेत, ते पण पहिला पूर्ण वाळल्यावर. आणि ओला असताना बघून काही ठरवू नका, प्लास्टिक पेंट ओला असताना दुधाळ दिसतो, वाळला की एक पाऊल गडद होतो, लोक ओला बघून म्हणतात अरे हा फिका झाला अजून जरा स्टेनर (शेड आणायला मिसळतात तो घट्ट रंग) टाका आणि दुसऱ्या दिवशी बोंब मारतात. या दिवसांत हवा दमट असते तर मी तर म्हणतो रात्रभर जाऊ द्या मगच बघा.

भिंतीवर पॅच मारूच नका. स्टेशनरीच्या दुकानातून जाड ड्रॉइंग शीट घ्या मोठ्या, चार. काही कंपन्यांचे २०० मिलीचे सॅम्पल डबे मिळतात, दोन शीट सायच्या दोन ताकच्या, दोन दोन हात मारा, कडेपर्यंत मारा, पांढरी बॉर्डर ठेवू नका, मग त्या शीट घरभर फिरवा. खिडकीशेजारी, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात, दरवाज्याला टेकवून. एक गोष्ट लक्षात ठेवा, चारही भिंती एकाच रंगाच्या झाल्या की भिंती एकमेकींवर रंग फेकतात, शीटवर जेवढा पिवळा दिसतो त्याच्यापेक्षा खोलीत जास्त दिसतो. म्हणून दोघांत ठरत नसेल तर मी कमी रंगाचा घ्या सांगतो.

दुसरं, तुमचे दरवाजे ऑइल पेंटचे आठ वर्षं जुने. पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो, आणि जिथे ऊन लागत नाही तिथे तर जास्तच पडतो, कपाटाच्या आतली बाजू बघा उघडून. भिंत एकदम पांढरी केली की दरवाजे नक्की डोळ्यात येणार. मग गिऱ्हाईक म्हणतं दरवाजे पण करा. मला काय, मी करीन. पण आधी सांगितलेलं बरं.

तिसरं (हे रंगाचं नाही पण विचारतोच) पश्चिमेची भिंत आहे, पाऊस तिकडूनच झोडपतो. खिडकीखाली ओल आहे का? हात फिरवून बघा. ओल असेल तर साय मारा ताक मारा नाहीतर श्रीखंड मारा, वर्षात पोपडे निघणार.

मानपाडा_मुक्काम
दादा तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? सोफा सरकवून बघितलं, खिडकीखाली दीड फूट पट्टा भुरभुरतोय, हाताला पांढरी पावडर लागली. नऊ दिवस रंगावरून भांडतोय आणि सोफ्यामागे कुणी बघितलंच नाही.

रंगकाम_कोपरखैरणे
ते क्षार आहेत, पाणी आतून येताना घेऊन येतं. आधी बाहेरून बघायला सांगा सोसायटीला, खिडकीच्या फ्रेमच्या कडेला भेग असेल तर ती भरली पाहिजे, आतून वॉटरप्रूफ काहीतरी चोपडून उपयोग नाही, पाणी दुसरीकडून तोंड काढतं. भिंत सुकू द्या, मग खरवडून लांबी (म्हणजे पुट्टी, भिंत सपाट करायला भरतात ती), पॉलिश पेपर, प्रायमर. प्रायमर चुकवू देऊ नका. लांबी कोरडी असते ती पेंट शोषून घेते, मग त्याच भिंतीवर त्याच डब्यातला रंग दोन ठिकाणी दोन दिसतो आणि तुम्ही परत म्हणाल दुकानदाराने शेड बदलली.

नौपाड्याचे_मास्तर
निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणून दोन शब्द. आमच्या लहानपणी नौपाड्यातल्या घरांना चुना लागायचा आणि त्यात गडी चिमूटभर नीळ टाकायचा. नुसता चुना पिवळट वाटतो, नीळ पडली की तोच डोळ्याला जास्त पांढरा वाटतो, कपड्यांना निळीचं पाणी देतात त्यातलीच गंमत. प्रत्यक्षात नीळ टाकून चुना थोडा काळवंडलेलाच असतो, पण पिवळेपणा मेला की डोळा त्यालाच शुभ्र म्हणतो. तुमचं ताक साधारण त्या घराण्यातलं आहे. म्हणजे ते "जास्त पांढरं" आहे की फक्त कमी पिवळं आहे, हे आधी ठरवा. सीवूड्सताई म्हणतात तो आकडा बघाल तर कदाचित ताकाचाच कमी निघेल!

शेजारच्या रंगाने रंग बदलतो हे पॅरिसच्या गोबेलँ गालिचा कारखान्यातल्या शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नीट मांडलं, १८३९ मध्ये. तक्रार अशी होती की काळा धागा काळा दिसत नाही, रंग कच्चा आहे. याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारी विणलेल्या धाग्यांमुळे काळा फिका पडत होता. तुमची भानगड तीच आहे. दोन कागद एकमेकांना चिकटवून बघाल तर फरक मोठा दिसेल, पण घरात ते दोन रंग कधीच शेजारी असणार नाहीत! एकच असणार. त्यामुळे साय ताकाशेजारी न बघता फरशीशेजारी, दरवाज्याशेजारी, सोफ्याशेजारी बघायची, मग ती उचलून ताक तिथेच बघायचं.

आणि एक करा. कागदांच्या मागे नाव लिहा, मुलांकडून एकेक कागद लावून घ्या, आणि ज्याला त्याला विचारा हा कुठला. वर्गात मी हे पोरांकडून करून घ्यायचो. हट्ट फार पटकन उतरतो.

ऐरोली_नाका
मास्तर, म्हणजे मी पहिल्यांदा बोललो तेच ना? दोन्ही सारखे.

नौपाड्याचे_मास्तर
उत्तर बरोबर, रीत लिहिली नाही म्हणून अर्धे मार्क.

मानपाडा_मुक्काम
अपडेट देतेय, जरा लांब आहे.

सॅम्पल डबे आणले, चार शीट रंगवल्या, दोन-दोन हात, रात्रभर पंख्याखाली. पंख्याने एक शीट वळली आणि कडेला चिकटली, असो. लेकीने मागे पेन्सिलीने सा आणि ता लिहिलं आणि परीक्षा घेतली. घरातली पाच माणसं, शेजारच्या काकू धरून.

सकाळी आठ वाजता: कुणालाही ओळखता आलं नाही. सासूबाईंनी ठामपणे दोनदा चुकीचं सांगितलं आणि मग म्हणाल्या की कागदावर दिसत नाही, भिंतीवर दिसलं असतं. दुपारी एक: तेच, पाचांत दोन बरोबर, ते पण अंदाजपंचे. संध्याकाळी साडेपाच: ऊन सरळ फरशीवर पडतं, आयव्हरी टाइल अशी पेटते की भिंतीचा खालचा गुडघाभर भाग पिवळा होतो, तिथे लावलेली शीट साय असो की ताक, दोन्ही बासुंदी. मग रात्री ट्यूब लावली आणि पहिल्या झटक्यात सगळ्यांनी ओळखलं, काकूंनी चष्मा न लावता. ताक दवाखान्याच्या भिंतीसारखं दिसत होतं, हे मलाच मान्य करावं लागलं आणि साय जुन्या वर्तमानपत्रासारखी, हे नवऱ्याला.

म्हणजे आमचं भांडण दिवसाचं नव्हतंच, ट्यूबचं होतं. दुसऱ्या दिवशी ४००० ची एक ट्यूब आणून लावली. फरक बघून सगळे गप्पच झाले. ताकातला निळेपणा गेला, सायीचा मळकेपणा गेला, दोन्ही आपापल्या जागी नीट दिसायला लागले. मग परत वोटिंग, घरातले चारच, २-२. (लेक माझ्या बाजूला, सासूबाई मुलाच्या, काही आश्चर्य नाही.)

आता खरी गोष्ट. काल नवरा ऑफिसला गेल्यावर दोन्ही शीट बेडरूमच्या दरवाज्याला टेकवून बघितल्या. कोपरखैरणेवाल्या दादांनी सांगितलं होतं म्हणून मुद्दाम. ताक लावलं की दरवाजा दात न घासलेल्या माणसासारखा दिसतो, म्हणजे तोवर मला तो पांढराच वाटत होता, आठ वर्षं पांढराच म्हणत होते! साय लावली की दरवाजा आणि भिंत एका घरातली वाटतात. सहाही दरवाजे या वर्षी करायचं बजेट नाही, ओलीचं काम अचानक अंगावर आलंय. सेक्रेटरींना मेल टाकलाय, त्यांनी वरच्या मजल्यावरून बघतो म्हटलंय.

तर साय. म्हणजे नवरा जिंकला. त्याला अजून सांगितलेलं नाही आणि शुक्रवारपर्यंत सांगणारही नाहीये, दोन दिवस त्यालाही जरा टेन्शन राहू दे.

आता शेवटचे दोन प्रश्न. मॅट घेऊ की थोडी चमक असलेला? आणि किती लिटर, हॉल १६ बाय १०, उंची साडेनऊ.

सीवूड्स_वरून
ट्यूबवरून भांडण मिटलं, भारीच. दुसरी ट्यूब पण ४००० चीच आणा हां, एक निळी एक पिवळी असं ठेवू नका, भिंतीला दोन रंग दिसतील. मी मॅट म्हणेन, खिडकीतून तिरपा उजेड आला की चमकदार पेंटवर लांबीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. पण लहान मुलं, हाताचे डाग वगैरे असेल तर पुसता येणारा मॅट मागा, साधा मॅट पुसला की पुसलेली जागाच चमकते.

रंगकाम_कोपरखैरणे
१६ अधिक १० दुप्पट म्हणजे ५२ फूट, गुणिले साडेनऊ, ४९४. खिडकी दरवाजे जाऊन चारशेच्या आसपास धरा. माझ्या हिशेबाने लिटरला दोन हातात शंभर-सव्वाशे फूट, म्हणजे ४ लिटर लागेल, पॅसेज त्यातच असेल तर अजून एक. पण ते एक लिटर नंतर वेगळं आणायचं नाही, आधीच एका वेळेला आणायचं. फिक्या शेडमध्ये स्टेनर थेंब-थेंबच पडतो, छोट्या डब्यात थेंब इकडेतिकडे झाला की शेड हलली. जेवढे डबे येतील तेवढे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळायचे मगच सुरुवात. संपताना अर्धा लिटर बाजूला काढून डब्यावर तारीख टाका, झाकण घट्ट, पुढे खिळा-बिळा काढला की टचअपला कामी येतो.

आणि ताई एक हात जोडून सांगतो. शुक्रवारी पेंटरला "साय" असं सांगू नका. कंपनी, शेडचा कोड, पेंटचा प्रकार, तिन्ही कागदावर लिहून द्या आणि डबा आला की झाकणावरचं स्टिकर त्या कागदाशी ताडून बघा, उघडायच्या आधी. माझ्याकडे एका गिऱ्हाईकाने फोनवर "ते आपलं दह्यासारखं" असं सांगितलं होतं, मी दोन खोल्या मारून मोकळा झालो, ते आले आणि म्हणाले हे दही नाही.